साडेसहापर्यंत काकू

माझे अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधी लागला नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही उदगीरकडच्या खेड्यात, शेतातल्या कामातून सवड मिळेल तशी. म्हणून कोणी हे वाचलेच तर आधीच माफी मागून ठेवते. आमच्या महिला मंडळाच्या बायका दर दिवाळीला हाताने लिहून अंक काढतात. यंदा त्या म्हणाल्या, काकू, तुम्ही तुमच्या पाळणाघराबद्दल लिहा. चार बायकांत मला धड बोलता येत नाही, लिहिणार काय, असे सांगून मी सुटका करून घेतली. घरी आल्यावर मात्र कपाटात मुलीची अर्धी कोरी वही सापडली. दुपारी मी एकटीच असते. बसले लिहायला. अंकाला द्यायचे की नाही ते अजून ठरवलेले नाही.

गावाकडून या तेलुगू मुलखातल्या मोठ्या शहरात आल्यावर आम्ही अंबरपेठेत एका घराच्या खालच्या पोर्शनमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे थोडे अंगण. आमचे हे गौलीगुड्याला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. पगारात भाडे आणि किराणा निघे, बाकी काही नाही. माझी दीपा दोन वर्षांची होती. मी बाहेर काम बघितले असते तर तिला कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न होता. वरच्या पोर्शनमधल्या पद्मजाला हाच प्रश्न उलटा पडला. ती रेल्वेच्या ऑफिसात कारकून. सासू गावाला निघून गेली आणि एका सकाळी पद्मजा दहा महिन्यांच्या वेणूला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, अक्का, आजच्या दिवस फक्त. तो आजचा दिवस चार-पाच वर्षे चालला.

महिना झाल्यावर तिने विचारले, किती देऊ? मूल सांभाळायचे पैसे सांगायचे कसे, मला तोंडातून आकडा काढता येईना. तिने तीनशे रुपये साखरेच्या डब्याखाली ठेवले. मी ते वर नेऊन दिले. तिने खाली आणून ठेवले. असे तीनदा झाल्यावर हे म्हणाले, अगं, सरकारी पैसे आहेत, त्यांना पायऱ्या चढ-उतार करून दमवू नकोस. तेव्हा कुठे मी घेतले. दरवेळी आकडा पुढच्या बाईनेच सांगितला. मला तो कधीच सांगता आला नाही.

पद्मजाने ऑफिसात सांगितले, तिथून दुसरी बाई आली, तिच्याकडून तिसरी. तेव्हा शहरात सगळीकडे नवी ऑफिसे निघत होती, कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली लागत होत्या आणि शिकलेल्या सुना सकाळी आठला स्कूटीवर बसून जात होत्या. त्यांची मुले माझ्या सतरंजीवर. तीन वर्षांत दीपा धरून सहा झाली.

लोकांना वाटते, यात काय काम आहे, मुले खेळतात, बाई बसते. बसायला मिळत नाही ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे सहा मुले एकदम रडत नाहीत, एकामागून एक रडतात, ते जास्त कठीण. बाटल्यांवर आया इंग्रजीत नाव लिहून आणत. मला इंग्रजी वाचता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटे. म्हणून मी बाटलीच्या मानेला रंगीत दोरे बांधले. वेणूचा हिरवा, दीपाचा लाल. मुलांना ते इतके पाठ झाले की वेणू हिरवी दिसेल ती वस्तू आपली समजून उचलायचा. एकदा भाजीवाल्याच्या गाडीवरून त्याने दोडका आणला आणि परत द्यायला तयार होईना.

झोपवायची युक्ती मला पद्मजाच्या वेणूनेच शिकवली. तो काही केल्या झोपत नव्हता. एक दिवस तिची रात्री नेसलेली साडी धुवायच्या आधी माझ्याकडे राहिली, तर तो तिच्यात तोंड खुपसून दोन मिनिटांत झोपला. तेव्हापासून माझा नियम झाला. मूल ठेवायचे तर आईने आपली अंगावरची, न धुतलेली ओढणी किंवा साडी द्यायची. आठवड्याने ती परत न्यायची आणि दुसरी आणायची. शिकलेल्या बायका हे ऐकून लाजायच्या. पण ज्या आणत त्यांची मुले झोपत.

दुसरा नियम यापेक्षा कडक होता. आईने पळून जायचे नाही. मूल खेळण्यात गुंतले की मागच्या मागे सटकायचे, ही सगळ्या आयांची सवय. त्यांना वाटते रडणे टळले. पण ज्या मुलाची आई अशी नाहीशी होते, ते दिवसभर दाराकडे बघते आणि खेळण्याला हात लावत नाही. मी सांगायचे, समोर उभ्या राहा, जाते म्हणा, कधी येईन ते सांगा, मग जा. रडू दे. सांगून गेलेली आई परत येते हे पोराला आठ दिवसांत कळते. मी कोणाला काही सांगणारी बाई नाही, पण हे मात्र मी दारात उभी राहून सांगत असे.

केतकी आली तेव्हा तिची मुक्ता दीड वर्षाची होती. केतकी पुण्याची. नवरा-बायको दोघे एकाच कॉम्प्युटर कंपनीत, राहायला तारनाक्याला, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये. मराठी बाई शोधत शोधत ती माझ्यापर्यंत आली होती. पहिल्याच दिवशी तिने मला दोन पाने सूचना छापून दिल्या, मराठीतच. दूध किती कोमट, सफरचंद कसे किसायचे, कोणत्या कुशीवर झोपवायचे. आणि ओढणी आणली ती धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून. मुक्ता दुपारभर जागी. तिसऱ्या दिवशी मी कसेबसे सांगितले की घामाची आणा. ती लाल झाली. दुसऱ्या दिवशी तिने गळ्यातलीच ओढणी काढून दिली आणि तशीच ऑफिसला गेली. संध्याकाळी म्हणाली, काकू, त्या दोन पानांत हे कुठेच नव्हते.

सहा महिन्यांनी तिची आई पुण्याहून आली, खास मला बघायला. झाले असे की मुक्ता फोनवर आजीशी बोलताना आमच्या गल्लीतले बोलू लागली होती. आजीने जेवलीस का विचारले की ही म्हणे, हौ. दूध पी म्हटले की म्हणे, नक्को. शिवाय वेणूमुळे तेलुगूही येत होते. आजींना वाटले नात हातची चालली. त्या सकाळी नऊला आल्या, खुर्ची मांडून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला घामच फुटला. एक वाजता मी पडदा ओढला, ओढण्या वाटल्या, थोपटायला सुरुवात केली. थोपटताना मी अंगाई वगैरे म्हणत नाही, मला गाता येत नाही. गावाकडच्या शेतांची नावे एकामागून एक हळूहळू म्हणते. वरचा मळा, खालचा मळा, चिंचेचं, विहिरीचं, बामणाचं, कोपऱ्याचं. दीड वाजता सात जण झोपले होते. सहा मुले आणि आजी. त्या चार वाजता उठल्या, तोंड धुतले आणि मला म्हणाल्या, बाई, गेल्या दहा वर्षांत मला दुपारी झोप लागली नव्हती. पुन्हा भाषेचा विषय निघाला नाही.

सगळी मुले मला काकू म्हणत. दीपाही म्हणू लागली. आधी मला हसू आले, मग वाईट वाटले. नऊ महिने मी पोटात वाढवलेली पोर मला काकू म्हणते. पण नीट पाहिले तर ती हुशारीने वागत होती. साडेसहाला शेवटचे मूल गेले, कडी लागली, की त्याच क्षणी आई. सकाळी वेणूची चाहूल जिन्यात लागली की पुन्हा काकू. दिवसभर ती माझ्या मांडीवर हक्क सांगत नसे, आपली पाळी येईपर्यंत थांबे. हे मी केतकीला सांगितले तर ती खूप हसली. म्हणाली, ऑफिसात मीही दुसरीच बाई असते काकू, दीपाला कळले ते मला कळायला लग्न व्हावे लागले.

त्या दीपाला चांगल्या इंग्रजी शाळेत घालायचे माझ्या मनात होते. ती तेव्हा मराठी बालवाडीत जात होती आणि पुढच्या जूनमध्ये पहिलीत जायची होती. मला बाटलीवरचे नाव वाचता येत नव्हते, तिला यावे, इतकीच इच्छा. ॲडमिशनचे पाच हजार लागणार होते. घरमालकीण शकुंतलम्मा दहा बायकांची चिट्टी चालवायच्या. दर महिन्याला प्रत्येकीने पाचशे टाकायचे आणि एकेकीने एकेका महिन्याला पाच हजार उचलायचे. माझा नंबर मी मुद्दाम जूनचा मागून घेतला. सप्टेंबरपासून भरायला सुरुवात केली. केतकी महिन्याला बरोबर पाचशे देई. ती सगळ्यांत उशिरा येई, साडेसहाला, म्हणून तिचे जास्त. बाकीच्यांचे पैसे घरखर्चात जात, पण केतकीचे मी घरात न आणता तसेच शकुंतलम्मांच्या हातात देत असे. दीपाला शाळेबद्दल सांगूनही टाकले होते. तिने रस्त्याने जाणाऱ्या मुलींच्या गळ्यातला टाय पाहून ठेवला होता आणि माझ्या परकराची नाडी गळ्यात बांधून ती गल्लीत हिंडायची.

जानेवारीत एका सोमवारी मुक्ता आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी केतकीच्या नवऱ्याने फोनबूथवरून वरच्या पद्मजाकडे निरोप ठेवला की मुक्ताला आता पाठवणार नाही, तुमचे डिसेंबरपर्यंतचे सगळे दिले आहे. एवढेच. मुक्ताची ओढणी माझ्याकडे, बाटली माझ्याकडे. वेणू सारखा विचारी, मुक्ता एक्कडा? कुठे आहे ती? दीपाने तर तिची जागा धरून ठेवली, तिथे कोणाला झोपू देईना.

मी कधी एकटी बसने कोणाच्या घरी गेले नव्हते. गुरुवारी पद्मजाला सुट्टी होती. तिच्याकडे मुले सोपवली आणि तारनाक्याला गेले. बिल्डिंगच्या वॉचमनने कायकू आये, कोणाकडे, असे विचारले तर मला केतकीचे आडनाव आठवेना. मुक्ता के घर, एवढेच म्हणाले. त्याने लगेच सोडले. मुक्ताला सगळे ओळखत होते.

लिफ्टची भीती वाटली म्हणून चार मजले चढून गेले. केतकीने दार उघडले. घरातलेच कपडे, केस विंचरलेले नव्हते. मुक्ता माझ्या पायांना येऊन चिकटली. हळूहळू कळले ते असे. कंपनी बंद झाली होती, दोघांच्याही नोकऱ्या एकाच दिवशी गेल्या होत्या. नवरा बंगळूरला मित्राकडे राहून काम शोधायला निघाला होता. हिलाही शोधायचे होते, काही नवे शिकावे लागणार होते, पण मुलीला घेऊन कुठे जाणार? नाहीतर पुण्याला माहेरी जाऊन बसायचे. ती म्हणाली, पैसे नाहीत काकू, म्हणून पाठवले नाही.

मला राग आला होता आणि तो पैशाचा नव्हता.

मी म्हणाले, "तुम्ही न सांगता गेलात. पोरं दाराकडे बघत बसलीत चार दिवस. आपल्यात सांगून जायचं असतं."

ती रडायला लागली. मी मुक्ताची चप्पल शोधली, तिच्या पायात घातली आणि म्हणाले, साडेसहाला घ्यायला या. पैशाचे नंतर बघू. केतकी म्हणाली, नंतर म्हणजे कधी, मला सांगता येणार नाही. मी म्हणाले, मलाही आकडे सांगता येत नाहीत, चालेल.

बसमध्ये बसल्यावर मी काय केले ते माझ्या ध्यानात आले. मुक्ताचे पाचशे म्हणजे दीपाची शाळा होती, आणि तिच्या जागी पैसे देणारे दुसरे मूल घ्यायची वाटही मी बंद केली होती. मांडीवर एकीची मुलगी घेऊन मी दुसरीचे पैसे देऊन टाकले होते आणि ती दुसरी माझीच होती.

हे ऐकून ह्यांनी ताट बाजूला सारले. ते रागीट नव्हते, पण त्या दिवशी म्हणाले, "तू पाळणाघर चालवतेस का धर्मशाळा?" मग म्हणाले, एवढी शिकलेली माणसं, त्यांना कोणीही देईल. मी म्हणाले, त्यांना कोणीही पैसे देईल, पोर कोण ठेवून घेईल? त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढले आणि भात मागितला.

जानेवारीचा हप्ता दिला नाही. फेब्रुवारीतही जमला नाही, तेव्हा शकुंतलम्मांनी माझा जूनचा नंबर दुसऱ्या बाईला दिला आणि माझे भरलेले दोन हजार परत केले. त्यांच्याकडून चूक झाली नाही. दहा बायकांचा व्यवहार होता. त्या दोन हजारांतले काही भाड्यात गेले, काही मार्चमध्ये दीपा आजारी पडली तेव्हा.

केतकी रोज सकाळी मुक्ताला सोडून क्लासला जाई, मुलाखतींना जाई. इस्त्रीचे कपडे घालून जायची आणि संध्याकाळी चेहऱ्यावरूनच मला कळायचे. मी विचारत नसे. चहा देत असे. कधी ती लवकर आली तर माझ्याबरोबर बसून वाटाणे सोली, मुलांची नाके पुसे. तिला एक गोष्ट फार चांगली येत होती, ती गोष्टी सांगायची. मी शेतांची नावे म्हणायचे आणि ती सिंहाची गोष्ट सांगायची. मुलांना तिचे जास्त आवडायला लागले, त्याचा मला थोडा हेवा वाटला, हे इथे लिहून टाकते. तिला चिट्टीचे काही माहीत नव्हते. मी सांगितले नव्हते, आणि ह्यांनाही सांगू दिले नव्हते.

जूनमध्ये दीपाला सांगावे लागले. नव्या शाळेत पुढच्या वर्षी जाऊ, यंदा आपल्या मराठी शाळेतच पहिली. तिने कारण विचारले नाही. आतल्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी साडेसहा वाजले, मुक्ता गेली, कडी लागली आणि दीपा म्हणाली, "काकू, मला भूक लागली."

चार दिवस ती मला काकूच म्हणत होती. कडी लागल्यावरही. हे तर तिला रागावू लागले, मी नको म्हटले. मला लागले ते कोणाला सांगता आले नाही. पाचव्या दिवशी शाळा सुरू झाली. मी तिला फाटकापर्यंत सोडले. आत बऱ्याच मुली रडत होत्या, त्यांच्या आया भिंतीआडून हळूच निघून जात होत्या. माझेही पाय तसेच वळत होते, कारण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हते. तिने माझा पदर धरला. म्हणाली, "आई, सांगून जा ना." मी तिला सांगितले, जाते, बारा वाजता येईन. ती म्हणाली, हौ, जा.

मी बारा वाजायच्या आधी अर्धा तास जाऊन उभी होते. घरी पाच मुले पद्मजाच्या सासूकडे, ती तोवर गावाहून परत आली होती.

ते वर्ष दीपाचे वाया गेले असे म्हणणारे म्हणतात. पुढच्या वर्षी इंग्रजी शाळेत तिला पुन्हा पहिलीतच बसवले. वर्गात ती सगळ्यांत उंच, शेवटच्या बाकावर. मला त्याचे वाईट वाटते, अजूनही वाटते. एवढेच की त्या एका वर्षात ती मराठी नीट वाचायला शिकली. माझे हे अक्षर लावायचे तर आमच्या घरात ती एकटीच लावू शकते.

सप्टेंबरमध्ये केतकीला नोकरी लागली, इथेच. कळले ते तिच्या बोलण्यावरून नाही. ती स्कूटी बंद न करताच आत आली होती. मुलांनी तिला घेरले, वेणूने हिरव्या डब्यातले चुरमुरे सगळ्यांना वाटले, आणि आपले म्हणून धरलेले काही त्याने वाटल्याचे मी पहिल्यांदा पाहिले. पद्मजा वरून खाली आली आणि म्हणाली, बघ, माझी रेल्वेच बरी, हळू जाते पण बंद पडत नाही.

आठ महिन्यांचे चार हजार होत होते. केतकीने ते स्वतः सांगितले. दर महिन्याला नेहमीच्या पाचशेबरोबर एक हजार जास्तीचे देत गेली, ऑक्टोबरपासून. नोव्हेंबरमध्ये तिला कुठून तरी चिट्टीचे कळले. मला वाटते, शकुंतलम्मांकडूनच. ती आली तेव्हा मुले झोपली होती. माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, दीपाच्या ॲडमिशनचे सगळे आम्ही करतो. मी नको म्हणाले. तिने दोनदा विचारले, मी दोनदा नको म्हणाले. तुम्ही माझे आहेत तेवढे द्या, म्हणाले, मग दीपाचे मी करीन. ते माझे काम आहे. मला वाटते आयुष्यात एवढे सरळ मी कोणाशी बोलले नाही.

शेवटचे हजार जानेवारीत आले. संक्रांत होऊन गेली होती. तिने ते पाकिटात आणले, शंभराच्या दहा नोटा. मी पाकीट घेऊन डब्याखाली ठेवायला वळले, तर ती म्हणाली, "काकू, मोजून घ्या."

मी म्हणाले, तुमचे काय मोजायचे.

ती म्हणाली, "न मोजता ठेवलेत तर मला वाटेल की तुम्ही मला दान दिले होते. मी उसने घेतले होते. मोजा."

मुले आजूबाजूला होती. दीपा शाळेतून आलेली, वेणू, मुक्ता, सगळी बघायला लागली. मला चारचौघांत पैसे मोजायची लाज वाटते, पण मी खाली बसले आणि एकेक नोट सतरंजीवर मांडली. दीपा मोठ्याने मोजत होती. दहाच्या दहा होत्या. केतकीने मुक्ताला उचलले. मी म्हणाले, झाले, पूर्ण झाले, आता तुमच्याकडे माझे काही राहिले नाही.